श्यामच्या मनातलं कुणी विचारलं?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकजणींनी ‘श्यामची आई’ वाचलेली असते. वाचली नसेल तर ऐकलेली असते, नाहीतर टीव्हीवर कधीतरी तो जुना सिनेमा बघून पदराने डोळे पुसलेले असतात. पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींचा जन्म कुठे झाला, आईचं नाव काय, हे शाळेतली पोरंसुद्धा धडाधड सांगतात. पण मागे इथे डोंगरकड्यात बचत गटाच्या बैठकीला आईसोबत आलेल्या नववीतल्या एका मुलीनं साधा प्रश्न विचारला. एवढे चांगले गुरुजी पन्नासाव्या वर्षीच कसे गेले, काय आजार झाला होता त्यांना?

बैठकीत एकदम शांतता पसरली. दोघी-तिघींना माहीत होतं, पण सांगायला कुणी तयार होईना. शेवटी एका मावशीनं विषय बदलून हप्त्याच्या वहीकडे नेला. घरी आल्यावरही ती शांतता माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक गावात एखादं तरी घर असं आहे, की जिथला माणूस कसा गेला हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलत कुणी नसतं. म्हणून आज गुरुजींची गोष्ट शेवटापर्यंत सांगायची ठरवली आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या पालगड गावचा. घराणं खोतांचं. आजोबांच्या काळात घरात चांगली सुबत्ता होती, पण वडील सदाशिवराव यांच्या काळात ती ओसरत गेली. कर्ज वाढलं, सावकाराचे तगादे सुरू झाले. दारात येऊन कुणीही वाटेल ते बोलून जावं अशी वेळ आली. ‘श्यामची आई’ आपण आईच्या मायेचं पुस्तक म्हणून वाचतो, पण पुन्हा एकदा वाचून बघा. त्या मायेच्या मागे कर्जात बुडालेल्या घराची कहाणी आहे. वसुलीला आलेला माणूस उंबऱ्यात बसून अपमान करतो, तेव्हा घरातल्या बाईला काय वाटतं, हे गुरुजींनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. आपल्या भागातल्या बाईला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आई यशोदाबाई. शिकलेली नव्हती, पण मुलाला तिनं जे दिलं ते कुठल्याच शाळेत मिळालं नसतं. गावातली महार समाजातली एक म्हातारी बाई डोक्यावरून पडलेली मोळी उचलता येत नाही म्हणून ताटकळत उभी होती, तेव्हा आईनं श्यामला पाठवलं. शिवायचं नाही असा तो काळ. त्या काळात एका ब्राह्मणाच्या घरातल्या आईनं मुलाला हे सांगणं लहान गोष्ट नव्हती. ती मोळी गुरुजी जन्मभर विसरले नाहीत.

शिक्षणासाठी पांडुरंगाला लहानपणीच घर सोडावं लागलं. आधी दापोली, मग औंध संस्थान, कारण तिथे गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होती. औंधला प्लेगची साथ आली, तिथून मग पुणं. कधी अर्धपोटी राहून, कधी हातानं रांधून शिकणं चाललं होतं. अशातच १९१७ साली आई गेली. औषधपाणी धड झालं नाही, आणि शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. ही टोचणी त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे पुस्तक लिहून त्यांनी महाराष्ट्राला रडवलं, पण स्वतःच्या मनातला तो काटा काढून टाकायला त्यांना कुणी मदत केली का, हा प्रश्न पडतो. त्या काळी असल्या दुःखाला दुःख म्हणून मोजतच नव्हते. आई सगळ्यांचीच जाते, असं म्हणून माणसं पुढे जायची. आजही आपण तेच म्हणतो.

ते एम.ए.पर्यंत शिकले आणि १९२४ मध्ये खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. लांबून आलेली, आईची आठवण काढून रडणारी पोरं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवायचे, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढायचे. मुलांसाठी हातानं लिहून रोज एक छोटंसं वर्तमानपत्र काढायचे. रागावणं त्यांना जमत नसे. पोरांनी चूक केली तर यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं. लोकांनी त्यांचं हळवेपण कौतुकानं सांगितलं, थट्टाही केली. पण अशा हळव्या माणसाला जगाचे टक्के किती जोरात लागत असतील, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. तिथून १९४७ पर्यंत धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा अशा तुरुंगांत मिळून साडेसहा वर्षांच्या आसपास त्यांनी काढली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ते सगळं लिहून घेणारा हात साने गुरुजींचा होता. आज घराघरात जे ‘गीता प्रवचने’ पुस्तक आहे, ते त्यामुळेच आपल्याला मिळालं. त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. दिवसभराचं काम संपलं की लिहायला बसायचं. आई जाऊन सोळा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. १९३५ साली पुस्तक छापून आलं. पुढे आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तो सोहळा बघायला गुरुजी नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याशी जवळचं नातं असलेली गोष्ट सांगते. नर्सी नामदेव आपलंच. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण तिथे माथा टेकतो. नामदेवांनीच मंगळवेढ्याला गावकुसाखाली दबून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, असं आपण ऐकत आलो आहोत. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर झाली, नामदेव पायरीजवळ. म्हणजे दाराशी, पण दाराच्या बाहेर. त्यानंतर शेकडो वर्षं चोखोबांच्या समाजातली माणसं वारीला जात राहिली आणि बाहेरूनच कळसाला हात जोडून परत येत राहिली.

गुरुजींना हे सहन होईना. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या. तरी दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. सुरुवातीला गांधीजींनाही ते पटलं नव्हतं. ज्यांना आयुष्यभर दैवत मानलं त्यांचीच नापसंती पदरी आली. तरी गुरुजी मागे हटले नाहीत. दहाव्या दिवशी बडवे मंडळींनी मंदिर खुलं करायला संमती दिली. ज्यांच्या पिढ्या बाहेर उभ्या राहून गेल्या, ते गाभाऱ्यापर्यंत पोचले. त्या मोळीवाल्या म्हातारीचं ऋण जणू फिटलं.

हे सगळं वाचताना वाटतं, किती खंबीर माणूस! आणि इथेच आपली गफलत होते. जो दुसऱ्यांसाठी लढतो तो आतून पोलादाचा असणार, असं आपण धरून चालतो. जी बाई सगळ्या घराचं करते तिला काही होत नाही असं धरतो, अगदी तसंच.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. गुरुजी कोसळले. त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आंतरभारतीचं स्वप्न मांडलं, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावं. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रं याच काळातली. त्यात फुलं आहेत, पाखरं आहेत, पुस्तकं आहेत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामात आहे, लिहितो आहे, पोरांशी हसतो आहे. पण आत अंधार दाटत चालला होता. स्वातंत्र्य आलं, पण ज्या समाजाचं स्वप्न पाहिलं होतं तो कुठे दिसत नव्हता, ही खंत त्यांना खात होती.

११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. वय पन्नास वर्षं.

हे वाक्य लिहायला मलाही जड गेलं. पण ते लिहिलंच पाहिजे. कारण यावर पडदा टाकून आपण गुरुजींचा मान राखत नाही, आपल्या घरातल्या माणसांचं मात्र नुकसान करतो.

काहीजण म्हणतात, देशासाठी त्यांनी प्राण दिला. मला तसं म्हणावंसं वाटत नाही. ते जाणं हा त्याग नव्हता, ती एका थकलेल्या, आजारी मनाची हार होती. त्यांचं मोठेपण त्या जाण्यात नाही, आधीच्या पन्नास वर्षांत आहे. शिवाय असं पाऊल कुणीही एकाच कारणानं उचलत नाही. लहानपणची गरिबी, आईची टोचणी, तुरुंग, उपासतापासांनी झिजलेलं शरीर, गांधीजींचं जाणं, अपेक्षाभंग, आणि मुळातला उदासपणा. नेमकं काय किती, हे आज कुणी सांगू शकत नाही. एक मात्र खरं, की त्या काळी या दुखण्यावर इलाज फार थोडा होता. मनाच्या उदासीनतेवर गुण देणारी पहिली औषधं १९५० नंतरच्या काही वर्षांत सापडली. गुरुजींच्या वाट्याला ती आली नाहीत. आपल्या वाट्याला आली आहेत, आणि तरी आपण ती घेत नाही, कारण लोक काय म्हणतील!

हा पडदा फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ज्या वर्षी गुरुजी गेले, त्याच १९५० साली अमेरिकेत बेबी मूर कॅम्पबेल नावाची मुलगी जन्मली. पुढे ती नावाजलेली लेखिका झाली. तिचा समाज कृष्णवर्णीयांचा, गुलामगिरी आणि अपमान सोसत आलेला. तिथेही रीत अशीच, की आपण एवढं सोसलंय, मग मनाच्या दुखण्याचं काय कौतुक? प्रार्थना करा, कामाला लागा, बाहेर बोलू नका. तिच्या घरातच मानसिक आजार आला तेव्हा तिनं ही रीत मोडली. लॉस एंजेलिसमध्ये तिनं मैत्रिणींच्या मदतीनं अशा कुटुंबांना एकत्र आणलं, त्यावर पुस्तकं लिहिली. २००६ साली ती वारली. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं जुलै महिना तिच्या नावानं, अल्पसंख्य समाजांच्या मानसिक आरोग्याचा महिना म्हणून जाहीर केला. ज्यांना दारं बंद असतात, त्यांच्या मनावर जास्त ओझं असतं आणि ते उतरवायला जागा कमी असते. आपल्याकडे वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाईला, कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या घरातल्या बाईला, हे कुणी शिकवायला नको.

आपलं डोंगरकडा केळीच्या बागांचं. एका रात्रीच्या वादळात उभी बाग आडवी होते. हळदीचा भाव एका वर्षी हसवतो, दुसऱ्या वर्षी रडवतो. मिरगाचा पाऊस, पेरणीचं बियाणं, पोरांच्या शाळेचा खर्च आणि बँकेची नोटीस, सगळं एकाच जून महिन्यात येतं. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यातली २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. त्या वर्षी ज्या बायका गेल्या, त्यांत निम्म्याहून जास्त घर सांभाळणाऱ्या गृहिणी होत्या. म्हणजे हा विषय फक्त धन्याचा नाही, धनिणीचाही आहे.

मग करायचं काय? सुरुवात बघण्यापासून करायची. झोप उडालेली आहे का? जेवणावरची वासना गेली आहे का? बोलणारा माणूस गप्प झाला, किंवा दारू एकदम वाढली? आपण सगळ्यांना ओझं झालो, आपण नसलो तर बरं, असं सहज म्हटल्यासारखं म्हणतो का? देणी-घेणी, कागदपत्रं उगाचच निरवानिरव केल्यासारखी आवरतो आहे का? यातलं काही दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका.

मग सरळ विचारायचं. जीव द्यायचे विचार येतात का, असं स्पष्ट विचारायचं. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. उत्तर ऐकून उपदेश करू नका, रडू नको म्हणू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. नुसतं ऐका. आणि त्या वेळी त्याला किंवा तिला एकटं सोडू नका.

आणखी एक गोष्ट थेट आपल्या हातात आहे. फवारणीची औषधं घरात, माळवदावर किंवा खाटेखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि गरजेपुरतीच आणा. मरणाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ निभावला तर माणूस वाचतो, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. श्रीलंकेनं १९९५ नंतर सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. एका साध्या कुलपाचं मोल एवढं आहे.

मदत कुठे मिळते, तेही लिहून ठेवा. टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. आपल्या आशाताईला विचारा, ती वाट दाखवेल. पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ घरं दवाखान्यात जायला कचरतात. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तर प्रचंड ताणाखाली असलेला माणूस मानलं आहे. त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही.

आणि ज्या घरात असं घडून गेलं आहे, तिथल्या बाईकडे जा. तिचं कपाळ बघून तोंड फिरवू नका. तिनं काय केलं असतं तर तो वाचला असता, असले हिशेब तिच्यासमोर मांडू नका. ते हिशेब ती रोज रात्री एकटीच मांडत असते. तिच्यासोबत शेतात जा, चहाला बोलवा, हळदीकुंकवालाही बोलवा.

गुरुजींनी सुरू केलेलं ‘साधना’ आजही निघतं. पंढरपूरचं दार उघडलं ते पुन्हा बंद झालं नाही. एका माणसाच्या पन्नास वर्षांनी एवढं दिलं, तर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांनी काय दिलं असतं, असं वाटून जीव हळहळतो. ज्यांनी शेकडो पोरांच्या उशाशी रात्री जागवल्या, त्यांच्या उशाशी त्या रात्री कुणीतरी बसायला हवं होतं.

नववीतल्या त्या पोरीला मी उत्तर द्यायचं राहिलं होतं. पुढच्या बैठकीत ते दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग बैठक संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की तिचा बाप पंधरा दिवसांपासून रात्री झोपत नाही, अंगणात नुसता बसून असतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघीजणी तिच्या घरी गेलो. केळीच्या भावावर बोललो, चहा घेतला, आणि मग त्यांना सरळ विचारलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नवरा-बायको दोघं हिंगोलीच्या दवाखान्यात गेले. आता औषध सुरू आहे, झोप लागते आहे. कर्ज आहे तेवढंच आहे, पण माणूस आहे.